मक्यात किडा सोडणारी माझी जाऊ

माझं माहेर कवठे महांकाळच्या बाजूचं, कोरड्या रानाचं. आमच्याकडे खायचं ते जोंधळा, नाहीतर बाजरी. मका म्हणजे पोरांना भाजून खायला बांधाकडेला चार ताटं लावायची गोष्ट. त्यामुळे लग्न होऊन कृष्णाकाठच्या या उसाच्या गावात आले आणि थोरल्या जावेनं माझ्यापुढे पिवळीधमक मक्याची भाकरी ठेवली, तेव्हा माझा चेहरा पडला. उसाचे मळे असलेल्या घरात दिलं म्हणून बापानं गावभर सांगितलं होतं, आणि इथं ही भाकरी! जाऊ माझ्या तोंडाकडे बघून हसली. म्हणाली, "खा गं. चार दिसांत जोंधळ्याला इसरशील." जोंधळ्याला काही मी विसरले नाही, पण त्या बाईनं मला पुढं जे दाखवलं तेही कधी विसरले नाही.

ती पाटणकडची, डोंगरातली. उंच, काळीसावळी, हातापायांनी दणकट. बोलणं कमी, पण बोलली की मोजकं आणि नेमकं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे चूल, गोठा आणि बायकांची सगळी भांगलण-खुरपणी तिच्याच हातात होती. मी तिला आक्का म्हणत असे. मी तोंडाळ. ती माझं सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एक वाक्य बोलून मला गप्प करायची. याचा मला फार राग यायचा आणि ती घरात नसली की करमायचंही नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, लढाईवर होते. ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी, एवढंच आम्हाला ठाऊक. ते पुढे परत आले, हे मी इथंच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावायची मला हौस नाही. पण मी सांगते आहे त्या साली आमचा जीव टांगणीलाच होता. त्यांचं पत्र येईनासं झालं होतं. गावात अशी बरीच घरं होती. पलटणीत पोरगा नाही असं घर आमच्या आळीत शोधावं लागलं असतं. माझे मालक मात्र घरीच, मामंजींच्या हाताखाली उसात होते.

घरात सत्ता मामंजींची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची. डोक्याला गुलाबी पटका, हातात काठी, आणि डोक्यात ऊस. उसाखेरीज दुसऱ्या कशाला ते पीक म्हणायलाच तयार नसत. बाकी सगळी त्यांच्या लेखी वैरण. तरी विहिरीजवळचा एक तुकडा आक्काकडे होता. नवी नवरी असताना पंचमीला ती माहेरी गेली आणि येताना ओटीत बियाण्याची कणसं घेऊन आली, तेव्हा सासूबाईंनी तो तुकडा तिला मक्याला दिला होता. सासूबाईंचा शब्द म्हणून मामंजींनी तो पाळला, पण जाता-येता त्या तुकड्याकडे बघून खाकरल्याशिवाय ते पुढे जात नसत.

त्या मक्याचं कणीस मोठं चिवट. वरची सालं टोकाच्याही पुढं आलेली आणि इतकी गच्च की सोलताना नखं दुखायची. आक्का ती सालं मागं ओढून त्यांची वेणी घालायची आणि कणसं चुलीच्या वर, धुरात टांगायची. दुसऱ्यांच्या घरात दिवाळीनंतर मक्याला सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, लागत. आमच्या कणसांत सोंडा शिरलेला मी पाहिला नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ही बाई सुखी झाली असती. पण रानात उभ्या मक्याला दुसराच एक शत्रू होता, खोडकिडा.

हा किडा मी तिच्यामुळे पहिल्यांदा नीट पाहिला. पानाच्या मागं माशाच्या खवल्यांसारखी चपटी अंडी असतात. त्यातून निघालेली अळी पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत शिरते. ते पान उलगडलं की त्यावर सुईनं टोचावीत तशी भोकं ओळीनं दिसतात. पुढं ती ताटात, म्हणजे खोडात, उतरते आणि आतला गाभा खात बसते. मग एक तर पोंगा वाळतो, नाहीतर जरा वारा सुटला की ताट मोडून आडवं होतं. हाच किडा उसालाही लागतो. उसाचे पोंगे वाळले की सारा गाव मक्याच्या नावानं बोटं मोडायचा. "मक्यानंच किडा आणलाय," हे मामंजींचं ठाम मत होतं आणि त्यांच्या मताला घरात जोडीदार नसला तरी विरोधक नव्हता.

मका गुडघ्याला आला की आक्का ओळीनं फिरायची. हातात तिच्या नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या. एखाद्या ताटापाशी थांबायची, पानं उलटीपालटी करून बघायची आणि चिंधीची सैल गाठ मारायची. ही बियाण्याची ताटं, एवढं मला कळलं. पण मी बघते तर ज्या झाडांची पानं सगळी भोकाभोकांची, त्यांनाच गाठ! शेजारी चांगली हिरवीगार, डाग नसलेली ताटं उभी, त्यांना नाही. मी म्हटलं, "आक्का, डोळं गेलं का तुमचं? किडक्याचं बी धरतात व्हय?"

ती म्हणाली, "ह्या हिरव्याच्या घरला किडा आलाच न्हाई. आला असता तर काय झालं असतं, तुला ठावं हाय का मला? ह्याच्या घरला येऊन गेलाय, आन तरी पोंगा बघ कसा ताठ हाय."

मी त्या ताठ पोंग्याला हात लावून बघितला. पण खरी गंमत पुढंच होती. त्या साली तिनं अंडी असलेली पानं शोधून आणली, नखाएवढे तुकडे केले आणि त्या हिरव्यागार, बिनडागी झाडांच्या पोंग्यांत एकेक तुकडा आपल्या हातानं ठेवला. मी तोंडावर पदर घेतला. लोक किडा वेचून पायाखाली चिरडतात आणि ही बाई बाळाला झोळीत ठेवावं तसा जपून पोंग्यात ठेवते! "न्हाईतर समद्यांची परीक्षा हुणार कशी?" ती म्हणाली. माहेरी तिचा बाप असंच करायचा का, असं मी विचारलं. म्हणाली, "बा नुसतं उभं राहिलेलं धरायचा. किडा सोडायचं माजं मलाच सुचलं." एवढं बोलून ती पुढच्या ओळीला गेली. मी मात्र तिथंच थबकले. शाळेचं तोंड न पाहिलेली असो की पाहिलेली, अशी डोक्याची बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

नेमके त्याच वेळी मामंजी विहिरीवर आले होते. सून पोंग्यात काहीतरी घालते आहे, म्हणजे औषध असेल, असं वाटून त्यांनी हातानंच खूण करून माझ्या हातातलं पान मागितलं. मी भाबडेपणानं दिलं. त्यांनी ते उलटं केलं, खवले बघितले आणि त्यांचा चेहरा पटक्याच्या रंगाला गेला. उसाला खेटून असलेल्या रानात घरचीच सून किडा पेरते आहे! एवढा राग मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते आक्काला बोलले नाहीत. सुनेशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती, म्हणून विहिरीकडं तोंड करून बोलले, पण आवाज पार ओढ्यापलीकडं गेला असेल. ही सुगी झाली की या तुकड्यात ऊस. मका बंद.

आक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, "मामंजींस्नी सांग, सुगीला येऊन बगा म्हणावं. मका आडवा पडला तर मीच मुळं खणून देते. उभा राहिला तर तुकडा माझा."

मामंजी विहिरीकडेच बघत होते. "उभा राहिला तर बगू," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

असा सगळा डाव त्या एका हंगामावर आला. तुकडा गेला असता तर बी गेलं असतं, कारण तिच्या माहेरच्या घरात ते आता उरलं नव्हतं. बाप गेल्यावर भावांनी भात धरला होता आणि मका सोडून दिला होता. जे काही होतं ते तिच्या चुलीवरच्या वेण्यांत आणि त्या तुकड्यात. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, आणि पुन्हा त्याचा उच्चार केला नाही.

मका वाढला, तुरे आले, कणसांना केस फुटले. मग वैरणीची ओढ लागली. आमच्या म्हशी नुकत्याच व्याल्या होत्या आणि अशा वेळी मक्याचा खालचा पाला ओरबाडून जनावरांना घालायची इकडची रीतच आहे. मामंजींनी गडी पाठवून सगळा पाला काढून नेला. आक्काला त्याची फिकीर नव्हती, कारण तिच्या गाठी ताटांवर होत्याच. पानांवरची भोकं गेली तरी निवड गाठींत शिल्लक होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघी कणसं कितपत वाळली ते बघायला गेलो आणि बांधावरच थांबलो. रानात जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या चिंध्या. आक्कानं बांधल्या होत्या त्याच्या कितीतरी पट. काही ताटांना तर दोन-दोन.

मला आधी वाटलं कुणी करणी केली. मग ध्यानात आलं. आमच्या विहिरीवर आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी आहेत, शेंदूर लावलेले दगड. ज्या बाईचा नवरा लढाईवर आहे आणि ज्याचं पत्र येत नाही, ती बाई आसरांच्या शेजारच्या रानात नवऱ्याच्याच धोतराच्या चिंध्या एकेका ताटाला बांधत फिरते. बघणाऱ्या बायकांनी काय समजायचं? आक्कानं नवस बोलला आहे, आणि तोही जागृत ठिकाणी. मग आळीतल्या ज्या ज्या घरातला माणूस पलटणीत होता, त्या त्या घरातली बाई गुपचूप येऊन आपल्या माणसाच्या धोतराची चिंधी बांधून गेली होती.

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "थांबा, आत्ता आळीत जाऊन एकेकीला विचारते, तुझी कंची ते दाखव म्हणते." आक्कानं माझा हात धरला. नवस बोलून दाखवला की फळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. कुठल्याच बाईनं मेली तरी सांगितलं नसतं की ही गाठ माझी. आणि सगळ्या चिंध्या एकाच तऱ्हेच्या कापडाच्या, जुन्या धोतरांच्या. कुठली बियाण्याची आणि कुठली नवसाची, हे खुद्द आक्कालाही ओळखू येईना. तिनं दोन-चार गाठी हातात धरून बघितल्या आणि सोडून दिल्या.

"मग काढून टाकूया सगळ्या," मी म्हटलं.

"त्यांच्या गाठी मी कशा तोडू?" ती म्हणाली. "माजा बी माणूस तिकडंच हाय न्हवं?"

घरी येईपर्यंत ती पुढं आणि मी मागं. मी तिच्या वाटचंही बोलून घेतलं. गावातल्या बायकांना, त्यांच्या अक्कलेला, त्यांच्या माहेरच्यांना, सगळ्यांना मी शिव्या घातल्या. इतक्या मेहनतीनं तिनं केलेली निवड पाण्यात गेली होती आणि तिला साधा रागही येत नव्हता, म्हणून मला दुप्पट येत होता.

कापणीच्या दिवशी मामंजी शब्दाप्रमाणे आले. मका बराचसा उभा होता, पण काही जागी आडवाही झाला होता, म्हणजे निकाल कुणाच्याच बाजूचा नव्हता. आक्कानं प्रत्येक ताट बुडातून कापलं, कणीस त्यालाच ठेवलं आणि ओळीनं निजवलं. मग ती बसली, विळा घेतला आणि मला म्हणाली, "गाठ सोडून माझ्या हातात दे. तोडू नगंस." सोडलेली चिंधी ती कपाळाला लावायची आणि मग मी ती आसरांपाशी उंबराच्या फांदीला बांधायची. नवस देवाजवळ गेला, ताट मोकळं झालं. मग आक्का ते ताट बुडापासून शेंड्यापर्यंत उभं फाडायची. पानं गेली होती, गाठी हरवल्या होत्या, पण किडा जिथं जिथं फिरला ती वाट ताटाच्या पोटात लिहून ठेवल्यासारखी होती. ती वाट बघायची, कणीस बघायची आणि कणीस इकडं नाहीतर तिकडं टाकायची. जे गाठींवरून करायचं होतं, ते आता एकेक ताट उघडून, आणि पहिल्यापेक्षा पक्कं होणार होतं. मी तिच्याकडे बघतच राहिले. आदल्या दिवसापर्यंत मी शिव्या देत बसले होते आणि या बाईनं तेवढ्यात रस्ता काढला होता.

हळूहळू बायका जमल्या. कुणी बोलावलं नव्हतं. बांधावर ओळीनं उभ्या राहिल्या, पदर दातांत धरून. एकही सांगत नव्हती की तिचं ताट कुठलं, पण फाडताना कुणाचा श्वास अडकतो ते मला कळत होतं. किडा निघालेलं ताट म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या मनात एकच होतं. आक्का त्यांच्याकडे पाठ करून बसली, म्हणजे आतलं कुणाला दिसू नये.

आणि मग माझ्या हातात एक ताट आलं, ज्याची चिंधी पांढरी नव्हती. गुलाबी होती, इतके दिवस आमच्या नजरेतून सुटलेली. पटक्याची. गावात गुलाबी पटका एकच.

मी वर बघितलं. मामंजी बांधाच्या टोकाला काठीवर रेलून उभे होते आणि माझ्याकडे नाही, त्या ताटाकडे बघत होते. दुसरा कुठला दिवस असता तर मला हसू आवरलं नसतं. त्या दिवशी मी नजर खाली वळवली. मी गाठ सोडली आणि चिंधी आक्काकडे दिली. तिनं ती ओळखली. इतर चिंध्यांसारखीच कपाळाला लावली, पण विळा हातात तसाच धरून बसली.

"ते नगं फाडू," मामंजी म्हणाले. विहिरीकडं तोंड करून नाही, सरळ तिला.

"फाडाया पायजे, मामंजी," ती म्हणाली. तीही सरळ त्यांच्याशी बोलली. आणि तिनं ते फाडलं.

आतून सगळं खाल्लेलं होतं. बुडापासून पार वरपर्यंत तांबूस भुगा आणि बोगदे. मामंजी जवळ आले, खाली बसले आणि दोन्ही फाका हातात घेतल्या. "पोकळ हाय," ते म्हणाले. मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"व्हय, लय खाल्लंय. खोटं न्हाई बोलायची मी," आक्का म्हणाली. "पर ताट पडलं का? सकाळपातूर उभंच व्हतं, म्याच कापलं. आन हे बगा." तिनं कणीस सोललं. दाणा टोकापर्यंत गच्च भरलेला. "न खाल्लेलं उभं राहातंय, त्यात काय नवाल? एवढं खाऊन बी जे उभं राहिलं, त्येच मला पायजे व्हतं. ह्येचं बी मी पयलं धरणार."

मामंजींनी ते कणीस हातात घेतलं आणि अंगठ्यानं दाणे चाचपले. मग म्हणाले, "ऊस तिकडं पलीकडं लावू. ह्यो तुकडा राहू दे."

बांधावरून आळीतली एक नवी सून खाली उतरली. तिचं लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत नवरा गेला होता. "आक्का, ते कडंचं वाकलेलं माजं हाय," ती म्हणाली. मागून एक म्हातारी तिला दटावायला लागली, सांगितलं की नवस जातो म्हणून. "जाऊ दे गेला तर," पोरगी म्हणाली, "मला बगायचंय." आक्कानं फाडलं. तेही खाल्लेलं होतं. कणीस बारकं, अर्धंच भरलेलं. आक्का म्हणाली, "बी धराजोगं न्हाई. पर उभं राहिलं, आन भाकरीपुरतं दिलंय. घरला ने." त्या पोरीनं ते कणीस पदरात घेतलं आणि छातीशी धरलं. मग दुसरी उतरली, मग त्या म्हातारीसकट सगळ्याच उतरल्या. "त्ये माजं. त्ये माजं बगा, आक्का." पाठ करून बसलेली आक्का त्यांच्याकडे तोंड करून बसली.

सगळी ताटं फाडून झाली, कणसांचे ढीग लागले. मामंजी अजून तिथंच होते. त्यांनी आक्काला विचारलं, "आन तुजं कंचं?"

"माजं कशाचं?"

"थोरल्यासाठनं बांधल्यालं."

आक्काचा हात थांबला. एवढ्या बायका तिचं बघून नवस बांधून गेल्या होत्या. "म्या न्हाई बांधलं, मामंजी," ती म्हणाली. "म्या नुसतं बी धरत व्हते." आणि मग, एवढ्या महिन्यांत मी पहिल्यांदाच पाहिलं, तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपण नवऱ्यासाठी काहीच केलं नाही, असं त्या क्षणी तिला वाटलं असावं. हातातला विळा तिनं मातीत टेकवला आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

मामंजींनी हातातलं कणीस तिच्या ओटीत ठेवलं. "उगी," ते म्हणाले. "म्या बांधलंय न्हवं, तुज्या वाटचं बी."